'तीव्र' आम्ल की 'संहत' आम्ल?

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो, मुलगी मराठी शाळेतून आता अकरावी सायन्सला गेलीय त्यामुळे रात्री दोन्ही भाषांतली पुस्तकं शेजारी ठेवून बसतो. तिने लिहिलंय, पोटॅशियम आयोडाइडवर सल्फ्युरिक ॲसिड टाकलं की "ते तीव्र आम्ल असल्याने" आयोडीन सुटतं. इथे तीव्र हवं का संहत?

— संहत. दादा, हा फरक प्लीज सोडू नका, मी घणसोलीला केमिस्ट्री शिकवते आणि दरवर्षी कितीतरी वह्यांत हेच सापडतं. आपण तीव्र उतार, तीव्र वेदना म्हणतो ना, म्हणून मुलांना तीव्र म्हणजे जहाल वाटतं. पण तीव्र आम्ल म्हणजे पाण्यात ज्याचं पूर्ण विचरण होतं, म्हणजे रेणू सुटून आयन होतात ते, तो त्याचा स्वभाव झाला. संहत म्हणजे दाटीने एकत्र आलेलं, म्हणजे पाणी अगदी कमी. बाटलीतलं ९८ टक्क्यांचं ॲसिड थेंबभर बादलीभर पाण्यात सोडलं तरी ते तीव्रच, फक्त विरल झालं, आणि त्या विरल ॲसिडने आयोडाइडमधून आयोडीन निघत नाही.

संहत घेतलं तर मात्र परीक्षानळीत लगेच आयोडीनची जांभळी वाफ उठते, वरच्या गार काचेवर काळपट चकचकीत कण बसतात, कधी तळाशी पिवळं गंधक दिसतं आणि सडक्या अंड्याचा वास येतो. १८११ मध्ये कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाने समुद्री शेवाळाच्या राखेवर जास्तीचं सल्फ्युरिक ॲसिड ओतलं तेव्हा हीच वाफ दिसली आणि आयोडीन सापडलं, नावही ग्रीकमधल्या जांभळ्या रंगावरून.

— ताई, पण हायड्रोक्लोरिक पण तीव्र आहे आणि संहतही मिळतं, त्याने का नाही सुटत?

— कारण ते आयोडाइडसाठी ऑक्सिडक, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणारं, नाही! खरं कारण सांगणारा शब्द तोच. म्हणून मुलीला असं लिहायला सांगा: "संहत सल्फ्युरिक आम्ल ऑक्सिडक असल्याने आयोडाइडचं ऑक्सिडीकरण होतं." आयोडीनचा ऑक्सिडीकरण अंक उणे १ वरून ० वर चढतो, आम्लातल्या गंधकाचा अधिक ६ वरून पार उणे २ पर्यंतही उतरतो, हे उतरणं म्हणजे क्षपण.

— क्षपण म्हणजे क्षय मधलंच का?

— हो, संस्कृत धातू एकच, क्षि. अंक घटतो म्हणून क्षपण, आणि इथे क्षपणक कोण तर आयोडाइड. हिंदी पुस्तकात याला अपचयन म्हणतात, पण ते आपल्याकडे घेऊ नका, मराठी बायोलॉजीत अपचय म्हणजे शरीरात मोठ्या रेणूंचं तुटणं, उगाच घोळ होईल.