मदत हवी आहे: सनई वाजवताना मानेवर फुगणारी हवेची गाठ (लॅरिंगोसील)

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी विचारतोय. वय ६१. अण्णा लहानपणापासून सनई आणि आपल्या सोलापूरची सुंद्री (सनईसारखंच छोटं वाद्य) वाजवतात. लग्नसराई, देवळातला चौघडा, गड्ड्याची यात्रा, सगळीकडं असतात.

दिवाळीनंतर आईच्या लक्षात आलं, सूर लांबवला की अण्णांच्या मानेवर, कंठमण्याच्या डावीकडं लिंबाएवढं काहीतरी फुगतं. वाजवणं थांबलं की बसतं. मी अंगठ्यानं हलकंच दाबलं तर 'फुस्स' झालं आणि फुगा जिरला. मी घाबरून हातच मागं घेतला. आवाजही महिनाभर घोगरा आहे.

आधीच्या डॉक्टरांनी मानेतली साधी गाठ समजून गोळ्या दिल्या, त्यात तीन आठवडे गेले. मग कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घातली. सीटी स्कॅन दोनदा काढला, एकदा साध्या श्वासात, एकदा नाक-तोंड मिटून जोर लावायला सांगून. दुसऱ्या चित्रात हवेचा काळा फुगा चांगला मोठा दिसतो. निदान: मिश्र लॅरिंगोसील, म्हणजे थोडी स्वरयंत्राच्या आत आणि थोडी बाहेर मानेत. स्वरयंत्रात खऱ्या आणि खोट्या स्वरपट्ट्यांच्या मधल्या खाचेला एक छोटी पिशवी असते. ती हवेनं ताणत गेली आणि पडद्यातून मानेत बाहेर आली, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं.

मानेवर छेद घेऊन पिशवी काढायची म्हणतात. तोंडातून लेझरनं होत नाही का? आणि अण्णा म्हणतात, "यात्रा होऊ दे, मग बघू." थांबलं तर चालेल का?

---

प्रतिसाद:

मी कान-नाक-घसा विभागात काम करते. पिशवी स्वरयंत्राच्या आतच असेल तर तोंडातून लेझरनं काढतात. लहान असून त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मानेत बाहेर आलेली पिशवी मात्र बहुधा मानेवरूनच काढतात, म्हणजे ती मुळापासून निघते. यात्रेसाठी थांबू नका. पिशवीत पू झाला तर सूज झपाट्यानं वाढून श्वास अडू शकतो. ताप, गिळताना दुखणं, श्वास घेताना घरघर, यातलं काहीही झालं तर लगेच १०८ ला फोन करा. ऑपरेशन होईपर्यंत सनई-सुंद्री वाजवणं बंद. अण्णा बिडी ओढत असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा. अशा पिशवीच्या तोंडाशी कधीकधी कॅन्सर दडलेला असतो, म्हणून ती जागा दुर्बिणीतून नीट बघतात.

हा आजार नवा नाही. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यचिकित्सक लॅरे यांनी १८२९ मध्ये इजिप्तमधल्या बांग देणाऱ्यांच्या मानेवरचे असेच फुगे नोंदवले होते.

---

धागाकर्ता:

ताई, फार आभार. बिडी १५ वर्षांपूर्वी सुटली, तरी उद्याच सांगतो. अण्णांना सगळं वाचून दाखवलं. बांग देणाऱ्यांचं दोनदा वाचायला लावलं, मग स्वतःच सनई धुवून कापडात गुंडाळली. यंदा यात्रेतल्या नंदीध्वजांपुढं काका वाजवतील. सोमवारी अण्णांना दाखल करतोय. या ऑपरेशननंतर कुणी पुन्हा सनई, बासरी किंवा क्लॅरिनेट वाजवलं असेल तर कृपया लिहा. अण्णा रोज रात्री तेवढंच विचारतात.