इच्छाशक्ती की ताटात पडणारी बट्टी?

दादा, ‘मनावर घेतलं तर कोणीही बारीक होतो, बाकी सगळे बहाणे’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. मी मनावर घेतलं होतं. रोज पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर चालणं, रात्री फक्त कळण्याची अर्धी भाकरी. 8 महिन्यांत 11 किलो उतरलं, दीड वर्षात 9 परत आलं. मधल्या काळात मी आळशी झालो नव्हतो, भूक वाढली होती.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. स्वतःहून आलेली, निश्चयी मुलं. तरी दिवसभर डोक्यात जेवणाचेच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे! चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि मेंदू भुकेची घंटा बडवत राहतो. त्यात शरीर ऊर्जाही काटकसरीने खर्च करतं. याच्याशी रोज मनाने कुस्ती किती दिवस खेळणार?

इच्छाशक्ती लागतेच, पण माझ्या मते ती बाजारात वापरावी, ताटावर नाही. घरात शेव आणलीच नाही तर रात्री 11 वाजता डबा उघडायचा प्रश्नच येत नाही. (लग्नातल्या वरण-बट्टीवर मात्र उपाय सापडलेला नाही. मावशी ‘आखो एक ले ना रे भो’ म्हणत तुपाची धार धरते, तिथे मिनेसोटावालेही हरले असते.)

आणि हो, वजन उतरतच नसेल तर थायरॉईड एकदा तपासून घ्या.