मदत हवी आहे: पिल्लं पूर्ण वाढतात, पण कवचातच मरतात

कोंबडीची अंडी उबवायला पंख्याचं इन्क्युबेटर आहे. तापमान 37.5 अंश, अंडी दिवसातून पाच वेळा फिरवली जातात, अठराव्या दिवशी फिरवणं बंद. सातव्या दिवशी टॉर्चच्या उजेडात रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, म्हणजे अंडी फलित आहेत. तरी पिल्लू कवचाला चोच न मारताच मरतं. फोडून पाहिलं तर अंग चिकट-ओलं, हवेची पोकळी अगदीच लहान.

संशय आर्द्रतेवर आहे. मीटर 60 टक्के दाखवतो. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 12-13 टक्के घटायला हवं, इथे जेमतेम 8 घटतं. मीटरची मिठाची चाचणी केली (ओलं मीठ आणि मीटर बंद डब्यात, आकडा 75 यायला हवा), आला 68; म्हणजे खरी आर्द्रता मीटरच्या आकड्यापेक्षा साधारण 7ने जास्त. स्वस्त मीटरचं हे असंच!

आत्ता दहाव्या दिवसाची अंडी आत आहेत. पाण्याची ताटली पूर्ण काढली तर वजनाची तूट आठ दिवसांत भरून निघेल, की अरुंद भांडं ठेवून खरी आर्द्रता 40च्या आसपास राखावी? आणि शेवटच्या तीन दिवसांत 65-70 वर नेताना हवेची भोकं किती उघडी ठेवता? बंद केली की ओल चटकन चढते, पण पिल्लांना तेव्हाच हवा जास्त लागते.