सिंहगड-राजगड-तोरणा शर्यतीच्या तयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार. येत्या हिवाळ्यातील सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा शर्यतीत मी, माझा धाकटा भाऊ आणि आमचे दोन मित्र 53 किलोमीटरच्या गटात, तर माझी पत्नी 11 किलोमीटरच्या गटात धावणार आहोत. 42 किलोमीटरची मॅरेथॉन आम्ही चौघांनीही डांबरी रस्त्यावर पूर्ण केली आहे. डोंगरवाटेचा अनुभव मात्र फारच थोडा आहे.

चढाची मला तितकीशी चिंता वाटत नाही, कारण चढावर चालता येते. खरी अडचण उताराची आहे. मागील महिन्यात सिंहगडावरून कल्याण दरवाज्याच्या बाजूने उतरताना घसाऱ्यावर भावाचा पाय सरकला आणि त्यानंतर दोन आठवडे त्याचा गुडघा दुखत राहिला. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे ते लवकर थकतात, हे मला ठाऊक आहे. परंतु गुडघा न दुखवता ही ताकद वाढवण्यासाठी उताराचा सराव आठवड्यातून किती वेळा करावा आणि शर्यतीच्या किती दिवस आधी थांबवावा?

शिवाय, भाऊ मागे पडल्यास वेळमर्यादा सांभाळून चौघांनी एकत्र राहणे शक्य होते का? त्याला एकटे सोडून पुढे जाण्याची माझी मुळीच इच्छा नाही. ज्यांनी हा मार्ग आपल्या माणसांसोबत पूर्ण केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.