मदत हवी आहे : आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, मधुमेह असलेल्या शेजाऱ्यांनी एकमेकांना कसे सांभाळावे?

सर्वांना नमस्कार. आम्ही जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात एका गावात राहतो. मला काही वर्षांपासून मधुमेह असून गोळ्या चालू आहेत, आणि सासूबाईंना आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागते. आमच्या गल्लीत शुगर असलेली माणसे पुष्कळ आहेत, परंतु प्रत्येक जण हा आजार आपल्या घरापुरता सांभाळतो आणि चारचौघांत त्याविषयी बोलण्याचे टाळतो. हे बदलावे असे मला मनापासून वाटते.

सर्वांत मोठी चिंता केळीच्या कापणीला जाणाऱ्यांची आहे. ही माणसे पहाटे गोळी घेऊन नुसत्या चहावर घरातून निघतात, घड वाहण्याचे जड काम करतात आणि त्यांची न्याहारी पुढे बांधावर, उन्हे चढल्यावर होते. अलीकडे आमच्या एका शेजाऱ्यांना कामावर असतानाच दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ते असंबद्ध बोलू लागले. सोबतच्यांना वाटले की ऊन लागले, म्हणून त्यांना सावलीत निजवून कांदा हुंगवण्यात आला. सुदैवाने टोळीतील एका बाईंच्या घरी असा रुग्ण होता. त्यांनी लक्षण ओळखून साखरेचे पाणी पाजले आणि ते सावरले. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत ऊन लागणे आणि साखर उतरणे यांतील फरक मुकादमाला व मजुरांना कसा समजावून सांगावा?

दुसरी अडचण इन्सुलिनची आहे. दुपारी वीज तासन्‌तास जाते आणि फ्रीज असूनही उपयोग होत नाही. माठात बाटली ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, पण ते कितपत सुरक्षित आहे?

आणि आता आखाजी तोंडावर आली आहे. लेकी माहेरी येतील, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस घरोघरी होईल, आणि नको म्हटले तर वाढणाऱ्याचे मन दुखावते. “खाई ल्या, काही व्हत नही” या आग्रहापुढे सासूबाईंचा नाइलाज होतो. आम्हा काही घरांचा विचार आहे की महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एक ग्लुकोमीटर वर्गणीतून घ्यावा आणि एकमेकांवर लक्ष ठेवावे. ज्यांनी असे काही चालवले आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सविस्तर लिहावा.

प्रतिसाद १

ताई, मी धुळे जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. शेतावरील प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तिथे वेळ दवडून चालत नाही. मधुमेहाच्या माणसाला घाम, थरकाप, गोंधळ अशी लक्षणे दिसली आणि तपासण्याचे साधन हाताशी नसेल, तर साखर उतरली आहे असेच धरून चालावे. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्यावे, आणि बरे वाटल्यावर भाकरी खाऊ घालावी. प्रत्यक्षात साखर वाढलेली असली तरी एवढ्या साखरेने फारसे बिघडत नाही. उतरलेली असताना थांबणे मात्र जिवावर बेतते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. अंग तापलेले आणि साखर देऊनही गोंधळ कायम असेल, तर तो उष्माघात असू शकतो; अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने दवाखाना गाठावा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी उपाशीपोटी घेऊन कष्टाला जाणे हेच अशा प्रसंगांचे नेहमीचे कारण असते. ती न्याहारीसोबत घ्यायची असते, म्हणून गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावी.

माठाची पद्धत आपल्या कोरड्या हवेत चांगली चालते, कारण पाणी झपाट्याने उडून जाते आणि माठ गार राहतो. मोठ्या माठात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे, बाटली बंद डब्यात घालून मडक्यात ठेवावी आणि वाळू दोन वेळा भिजवावी. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश तापमान लागते, म्हणून उन्हाळ्यात साठा करू नये. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवावी. नेहमी स्वच्छ दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये गढूळपणा किंवा गुठळ्या दिसल्या तर ते वापरू नये.

सिरिंजकडेही लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. ४० च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर पोटात फक्त ८ युनिट जातात. घराघरांत बाटली आणि सिरिंज जुळवून पाहणे हे तुमच्या पहिल्या बैठकीचे काम ठरावे.

ग्लुकोमीटर सामायिक असू द्या, पण बोट टोचण्याची सुई आणि ती बसवायचे पेन प्रत्येकाचे वेगळेच हवे, कारण त्यांतून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतात. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बैठकीला बोलवावे. रक्तदाब आणि साखर तपासणे हे त्यांच्या कामातच येते.

प्रतिसाद २

मी शहाद्याचा, वय सत्तरीच्या पुढे, इन्सुलिनवर आहे. आमच्या घरी आखाजीला मला अर्धी पोळी वाढतात, कारण खापरावरची पोळी केवढी असते ते आपण जाणताच. रसाऐवजी आंब्याच्या दोन फोडी, आणि त्या दिवशी भात वर्ज्य. संध्याकाळी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि भाजी. हे सर्व माझ्या सुनेने पाहुण्यांना आधीच सांगितलेले असते, त्यामुळे नकार मला द्यावा लागत नाही. नकार देण्याची जबाबदारी रुग्णावर टाकू नये, ती घरातील दुसऱ्या माणसाने घ्यावी. एकादशीच्या साबुदाण्यानेही साखर चढते, हेही बायामाणसांना सांगावे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंची बाटली आणि सिरिंज आताच पाहिली, दोन्ही ४० ची आहेत. उद्या शेजारच्या घरांतील पाहते. मुकादमाकडे साखरेची पुडी कायम ठेवावी यासाठी त्यांच्याशी बोलणे झाले आहे आणि ते तयार आहेत. काका, पाहुण्यांना सांगण्याचे काम मी माझ्याकडे घेते. एक विचारायचे राहिले : कापणीच्या टोळीतील काही जण काळ्या, तापलेल्या मातीत अनवाणी चालतात आणि पायाला बधिरपणा आल्याने त्यांना चटका कळत नाही. चिखलात आणि पाटाच्या पाण्यात टिकेल असे कोणते पादत्राण आपल्या भागातील शेतकरी वापरतात?