उसाच्या कडेला थर्मलच बरी

जुन्नरकडे रात्री उसाला पाणी द्यायला जाताना बिबट्या आधीच दिसावा म्हणून तुम्हाला दुर्बीण हवी आहे, आणि कुणीतरी तुम्हाला ‘३०० मीटर रेंज’वाली डिजिटल नाइट व्हिजन (अंधारात बघायची) दुर्बीण सुचवली आहे. या कामाला ती मी अजिबात घेणार नाही. गडद अंधारात तिची सगळी भिस्त स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यावर. समोर उसाची पाती आली की उजेड तिथूनच परततो, पडदा पांढराफटक होतो आणि मागचं काही दिसत नाही. धुक्यातही तेच. शिवाय ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा अंधारात लालसर ठिपक्यासारखा दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला कमी.

थर्मल दुर्बीण अंगाची उष्णता टिपते. दिवा नको, आणि पात्यांच्या फटीतूनही बांधावर बसलेलं जनावर उठून दिसतं. महाग आहे खरी, दोन-तीन शेजाऱ्यांत मिळून घ्या. मात्र दाट उसाच्या आतलं तिलाही दिसत नाही, म्हणून ती असली तरी एकट्याने जाऊ नका. बंद खिडकीच्या काचेतूनही ती निरुपयोगी.

दुकानात सेन्सरचं रिझोल्यूशन (चित्रात किती ठिपके) आणि लेन्सचा व्यास विचारा. डिजिटल झूम नुसते ठिपके मोठे करतो.