मदत हवी आहे: गुळाची फिल्टर कॉफी रोज फाटते

कोरांटी
तीन दिवस झाले, गुळाची कॉफी फाटतेय. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गाळलेला कॉफीचा अर्क, छान उतरतं, दूध ताजं, तरी कपाच्या कडेला पिवळट पाणी सुटतं आणि मध्ये पनीरसारखे कण तरंगतात. आज अर्धा लिटर दूध ओतून दिलं, फार जिवावर आलं. रविवारी सासूबाई येतायत. त्या कर्नाटकात मलनाडातल्या तीर्थहळ्ळीच्या, लहानपणापासून गुळाचीच कॉफी प्यायलेल्या. 'साखर घाला' असं कृपया सांगू नका. लवकर सांगा.

देशावरचा
गूळ कुठला? दूध गाईचं की म्हशीचं? गूळ कधी घालता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

कोरांटी
गूळ घरातला नेहमीचा, घालतात तसाच घालते. आमटीत, पुरणात तोच असतो, त्यामुळे गुळात दोष नाही. दूध गाईचं.

काहील
आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ होतं, म्हणून सांगतो. पिवळाधमक गूळ असेल तर त्यात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायची पावडर, मारलेलं असतं. आम्ही भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी उसाच्या रसाच्या काहिलीत सोडून मळी वर आणायचो आणि काढून टाकायचो. तो गूळ तांबूस व्हायचा. गडद गूळ आणा, कॉफी फाटणार नाही.

अळूवडी
हे पटत नाही. माझ्याकडे सेंद्रिय, चांगला काळा गूळ आहे आणि पावसाळ्यात त्यानंही चहा फाटतो. प्रश्न रंगाचा नाही, आंबटपणाचा आहे. दुधाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) ६.६-६.७ असतो. गार दूध ४.६ च्या आसपास फाटतं, पण उकळत्या दुधाला त्याच्या बरंच आधी धक्का बसतो. त्यात कॉफी स्वतःच आम्लधर्मी. ओल लागलेला गूळ आंबू लागतो. आमटीत चिंच असते, तिथे कळणार कसं? चिमूटभर गूळ कोमट पाण्यात विरघळवून चाखून बघा.

काहील
ओल लागली तर तो ठेवणाऱ्याचा दोष, गुळाचा नाही. ढेप कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, वर्षभर काही होत नाही.

अळूवडी
गडद गूळ आणला की काम झालं, असं तुम्ही लिहिलंत. मी तेवढ्यापुरतंच बोलले.

वेलदोडा
चिकोरीमुळे होत असेल. चिकोरीची पूड आधी बंद करा. आमच्या आईची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेलं. कधीच फाटली नाही.

पितळी फिल्टर
चिकोरीला उगाच दोष देऊ नका. ते भाजलेलं मूळ आहे, त्यानं दूध फाटत नाही. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी अशा मिश्रणात डिकॉक्शन दाट उतरतं, दूध घातल्यावरही कॉफीचा रंग टिकतो. मी तीस वर्षं तेच वापरतोय. पूड फिल्टरमध्ये फार दाबू नका, एवढंच.

तंजावूरकर
आमच्याकडे तमिळनाडूत करुपट्टी कापी, म्हणजे ताडगुळाची कॉफी, करतात. ताडगूळ, सुंठ, मिरी, कॉफी पूड, आणि दूध अजिबात नाही! तिथल्या उडनगुडी गावची करुपट्टी मिळाली तर बघा. घसा धरला असेल तर फार आराम पडतो.

कोरांटी
मला दुधाचीच हवी आहे हो. रविवार परवा आला.

मलनाडची सून
कोरांटीताई, गूळ दुधात घालून उकळता का?

कोरांटी
हो. दुधाला उकळी आली की गूळ घालते, विरघळेपर्यंत उकळते, मग डिकॉक्शन. वेगळं कसं करणार?

मलनाडची सून
तिथेच फाटतंय. आमच्या घरी बेल्लद कापीला, म्हणजे गुळाच्या कॉफीला, फिल्टरही लागत नाही. दोन कपांना एक कप पाणी आणि दोन चमचे किसलेला गूळ उकळायचा. गॅस बंद करून दोन चमचे पूड घालायची, ढवळून पाच मिनिटं झाकण. मग फडक्यातून गाळायचं. दूध दुसऱ्या पातेल्यात तापवायचं, उकळी बसू द्यायची आणि ते गुळाच्या कॉफीत ओतायचं. एकत्र केल्यावर पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, गार झाली तरी नाही. फिल्टरचं डिकॉक्शनच वापरायचं असेल तर गुळाचं पाणी वेगळं करून त्यात मिसळा.

साखरमुक्त
गुळानं रक्तातली साखर वाढत नाही असं समजू नका. मधुमेह असेल तर गूळही मोजूनच.

कोरांटी
सासूबाईंना मधुमेह नाही.
गूळ चाखला. मागून आंबट लागला, डब्याच्या तळाशी पाझरलाही होता. अळूवडी, तुमचं बरोबर होतं. नवी ढेप फोडली आणि मलनाडच्या पद्धतीनं आत्ता केली. फाटली नाही! मग मुद्दाम जुन्या गुळाचीही एक कप केली, तिच्यात बारीक कण आलेच. नव्या गुळाच्या पाण्यावरही काळपट मळी आली होती, ती फडक्यात राहिली. फक्त कपाच्या तळाशी पूड उतरतेय. फडकं कुठलं घ्यायचं?

मलनाडची सून
मांजरपाटाचं, दोन पदरी. साबण लावू नका, वास राहतो. गरम पाण्यात खळबळून उन्हात वाळवा.